पंपाचं काम आता कुणाकडे?

जुन्या गाड्यांचा नाद असलेली चार माणसं जमली आणि समोर एखादी अमेरिकेहून आलेली गाडी उभी असली, की बॉनेट उघडायच्या आधीच एक सल्ला हमखास मिळतो. ‘तो स्मॉग पंप पहिल्यांदा काढून टाका.’ पंप नेमकं करतो काय, असं विचारलं तर उत्तर ‘पॉवर खातो हो’ इथंच संपतं. हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला, की केवळ हट्टानं मी तो पंप बरीच वर्षं जागच्या जागी ठेवला. शेवटी काढला, हे खरं. पण पाने घेऊन बसलं तर पंप एका दुपारी निघतो. तो निघाल्यावर त्याचं काम कोण करणार, हा प्रश्न मात्र पुढं बराच काळ पुरला.

गाडी 1972ची एमजीबी. दोन सीटची, उघडी. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेली, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. माझे थोरले काका तिकडे डॉक्टर होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते कायमचे कोल्हापूरला परतले तेव्हा घरसामानाबरोबर हीसुद्धा बोटीनं आली. काका गेल्यावर माझ्या वाट्याला आली, कारण चुलत भावांपैकी कुणालाच तिच्या मागं लागायची हौस नव्हती. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं तर शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं, ‘येतंय का कोण?’ तरी या गावाला जुन्या गाडीचं वावडं नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा आपट्याची पानं हातात तशीच राहतात आणि माना आधी गाडीकडं वळतात.

तर पंप. इंजिनाच्या पुढच्या बाजूला बेल्टवर फिरणारा हा फक्त हवेचा पंप. त्याची हवा एका आडव्या नळीतून सिलिंडर हेडमध्ये, थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडाशी सोडलेली असते. सिलिंडरमध्ये जळायचं राहिलेलं पेट्रोल आणि अर्धवट जळून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड तिथून बाहेर पडतो तेव्हा चांगलाच तापलेला असतो. त्याला तिथंच ताजा ऑक्सिजन मिळाला, की राहिलेलं ज्वलन एक्झॉस्टमध्ये पुरं होतं. कल्पना साधी आहे आणि ती खरोखर काम करते, हे पंपाला शिव्या घालणाऱ्यांनी मान्य करायला हवं.

त्याच्या जोडीला एक गल्प व्हॉल्व्ह. ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला, की सिलिंडरकडं हवा-पेट्रोल नेणाऱ्या वाटेतला, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला, दाब झपकन पडतो आणि तिथल्या भिंतींना चिकटलेलं पेट्रोल एकाच वेळी वाफ होऊन आत जातं. हवा कमी, पेट्रोल भरमसाट. सिलिंडरमध्ये ते पेटतच नाही. तसंच एक्झॉस्टमध्ये गेलं आणि तिथं पंपाची ताजी हवा भेटली, की स्फोट. हे टाळायला गल्प व्हॉल्व्ह त्या क्षणापुरती पंपाची थोडी हवा मॅनिफोल्डकडं वळवतो. आमच्या गाडीतल्या या व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटला होता. परिणामी सिग्नलला पाय उचलला की सायलेन्सरातून फटाके. दाभोळकर कॉर्नरला एकदा एक आजोबा पिशवी टाकून बाजूला झाले. शिवाय फाटक्या पडद्यातून मॅनिफोल्डमध्ये चोरून हवा शिरायची आणि आयडलिंगला इंजिन मिसिंग मारायचं. बघणारा प्रत्येक जण दोष मात्र हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला द्यायचा. कार्बोरेटर दिसतो, पडदा दिसत नाही.

पंपाची स्वतःची अवस्थाही तशीच. बेअरिंग ओरडत होतं, हवेचा जोर नावापुरता. म्हणजे यंत्रणा आहे, पण तिचा उपयोग संपून उलट उपद्रव चाललेला. आता दुरुस्त करायची की काढायची, एवढाच प्रश्न होता. सगळे भाग परदेशातून मागवायचे, कस्टम भरायचं, आणि ते टिकतील याचा भरवसा कुणाचाच नाही. मी काढायचं ठरवलं. पण स्वतःला एक अट घालून: पंपाशिवाय धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड कायद्याच्या मर्यादेच्या बराच खाली राहिला पाहिजे. नाही राहिला तर खर्च करून पंप परत लावायचा.

ही अट काही केवळ मनाच्या मोठेपणातून आलेली नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा धडा मी दर वर्षी फळ्यावर मांडते. तिथला तो डोळे चुरचुरायला लावणारा धूर कोळशाचा नव्हता. मोटारींमधून सुटलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानं 1950च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. पुढं 1970मध्ये अमेरिकेनं कायदाच केला, की पाच वर्षांत नव्या मोटारींमधला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन नव्वद टक्क्यांनी खाली आणा. छोट्या ब्रिटिश कारखान्याकडं नवं इंजिन बनवायला ना पैसा, ना वेळ. त्याआधीच्या 1968च्या नियमांपासूनच त्यांनी जुन्याच इंजिनावर पंप, नळ्या आणि व्हॉल्व्ह चढवायला सुरुवात केली होती. फळ्यावर ज्याची बाजू मी घेते तेच घरी येऊन पान्यानं उचकटायचं, तर त्याच्या बदल्यात काहीतरी देणं लागतेच.

आमचे मिस्त्रीमामा उद्यमनगराच्या कडेला गॅरेज चालवतात. त्यांची उभी हयात अँबेसिडरखाली गेली. एमजीबीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यांनी कापडानं इंजिनाचं वरचं झाकण, रॉकर कव्हर, पुसलं, इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाले, ‘आवो ताई, ही तर आपल्या अँबेसिडरचीच जात की!’ ते खरंच होतं. अँबेसिडरचं जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं 1798 सीसीचं, दोन्ही एकाच घराण्यातली, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजची. पिस्टनचा स्ट्रोकसुद्धा दोन्हीकडं तोच, 88.9 मिलिमीटर, फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या रुंदीचा. मार्केट यार्डातून गुळाचे व्यापारी घेऊन फिरलेलं इंजिन आणि कॅलिफोर्नियात समुद्राकाठी हौसेनं पळवलेलं इंजिन हे असं एका कुळातलं निघावं, याचा मला अजून आनंद होतो. मामांना आनंदबिनंद काही नाही. त्यांना टॅपेटचा पाना कुठला लागणार हे कळलं, बास.

पंप काढला की हेडमध्ये चार भोकं उघडी पडतात, जिथून हवा आत जायची. ती बंद करायला आटे असलेली चार बुचं लागतात. आटे इंची, सात-सोळांश, आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात न मिळणारे. पण उद्यमनगराच्या जवळ राहून बुचांसाठी अडून बसायचं म्हणजे रंकाळ्याकाठी तहानेनं मरायचं. तिथल्या एका लेथवाल्यानं हेडमध्ये हवा सोडणारा जुना इंजेक्टर नमुन्याला घेतला, आट्यांवर गेज लावलं, चहा सांगितला आणि चहा संपायच्या आत पहिलं बूच हातात ठेवलं. ऑइल इंजिनं आणि ओतकामावर वाढलेलं गाव आहे हे. इंचाचे आटे इथं अजून हातांना पाठ आहेत.

आता खरी गोष्ट. पंप, गल्प व्हॉल्व्ह, धूर उलटा पंपाकडं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह आणि त्यांच्या नळ्या उतरल्यावर इंजिन एकदम मोकळं दिसायला लागलं आणि मामांना हुरूप आला. कोपऱ्यातल्या काळ्या डब्याकडं बोट दाखवून ते म्हणाले, ‘ह्यो पण काढूया. उगं अडगळ हाय.’

तो डबा म्हणजे कोळशाचा कॅनिस्टर. तो मी काढू दिला नाही, आणि कुणी काढत असेल तर त्यालाही थांबवीन. पेट्रोलच्या टाकीतून आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधून वाफा सतत सुटत असतात. एप्रिलमध्ये तर विचारूच नका. कॅनिस्टरमधला सक्रिय कोळसा त्या धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की त्या ओढल्या जाऊन जळतात. डबा काढला तर गाडी नुसती उभी असतानाही हायड्रोकार्बन सोडत राहते आणि गॅरेजभर पेट्रोलचा वास. याहून महत्त्वाचं म्हणजे या इंजिनात क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या तेलाच्या भागात, शिरणारी ताजी हवा याच डब्यातून गाळून रॉकर कव्हरमध्ये येते. पिस्टनच्या कडेनं खाली उतरलेला धूर त्या हवेबरोबर कार्बोरेटरकडं ओढला जातो. डबा काढून नळी तशीच लोंबती सोडली, तर उसाच्या हंगामातली सगळी धूळ इंजिनच्या तेलात. नळीला बूच मारलं, तर ताज्या हवेचा रस्ताच बंद. म्हणजे प्रदूषणाचं म्हणून जे सामान काढायला लोक टपलेले असतात, त्यातलं निम्मं इंजिनाच्या प्रकृतीचंच आहे. डबा उघडला, आतला शिळा कोळसा ओतून टाकला, नव्या सक्रिय कोळशानं भरला, दोन्ही बाजूंना जाळी आणि फोम बसवला. पैसे म्हणाल तर पंपाच्या तुलनेत काहीच नाहीत.

मग कार्बोरेटर. दोन आहेत, एसयू कंपनीचे, एचआयएफ-4. एसयूची रचना मला फार आवडते. पद्मिनी गाडीच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये आयडलिंगचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, वेगळा, मेन वेगळा, हवेचा वेगळा. मिश्रण बदलायचं तर जेटच बदलायचा. एसयूत एकच जेट आणि त्यात वरखाली होणारी एक निमुळती सुई. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो, सुई तितकी बाहेर येते, जेटची फट तितकी मोठी होते. पिस्टननं एकदम उडी मारू नये म्हणून वर डॅशपॉटमध्ये चमचाभर तेल. ते तेल संपलं की पिकअप जातो, आणि लोक कार्बोरेटर खोलायला बसतात.

पण कार्बोरेटरला हात लावायची पाळी सगळ्यात शेवटी. मामांचा हा नियम पक्का आहे आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा. आधी टॅपेट, थंड इंजिनावर पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. मग पॉइंटची फट, प्लग, कंडेन्सर, टायमिंग. मग हवा चोरून कुठून शिरते का, ते. आमच्याकडं थ्रॉटलच्या दांड्यांनाच प्ले होता. पन्नास वर्षांत दांडी आणि भोक दोन्ही झिजलेली. तिथून शिरणारी हवा कुठलाच स्क्रू भरून काढू शकत नाही. पुन्हा उद्यमनगर, पुन्हा तोच लेथवाला. भोकं रीम करून पितळी बुश बसवले. यातलं काही न करता स्क्रू फिरवत बसणाऱ्याला ट्यूनिंग करतोय असं वाटतं, एवढंच.

दोन कार्बोरेटर सारखे करणं हे कानाचं काम. दोघांना जोडणारी दांडी सैल करायची, एअर फिल्टर काढायचे आणि रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एकेका तोंडाशी. हवेचा सुस्कारा ऐकायचा. मिरजेच्या तंबोऱ्यातल्या जोडीच्या तारा लावताना जसं दोन्ही षड्ज एकमेकांत विरेपर्यंत खुंटी केसभर फिरवत राहतात, तसंच इथं. एक स्क्रू केसभर, मग दुसरा, मग परत पहिला. हल्ली हवेचा प्रवाह मोजायचं मीटर मिळतं, माझ्याकडं आहे. मामा ते टेबलावर ठेवून देतात. त्यांचा कान आणि माझं मीटर यांच्यात फरक पडला नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मीटरच्या किमतीचं विचारतील.

दोघांची हवा सारखी झाली की पेट्रोल. पिस्टन अगदी किंचित, मिलिमीटरभरसुद्धा नाही, वर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. वेग पडला, इंजिन बंद पडायला लागलं, तर पेट्रोल कमी. किंचित वाढून पुन्हा जागेवर आला, तर बरोबर. प्रत्येक फेरफारानंतर जरा रेस करून घ्यायची, मग परत ऐकायचं. इतक्या साध्या परीक्षेत ज्वलनाचं सगळं गणित येतं याचं मला शिक्षक म्हणून कौतुक वाटतं आणि थोडा मत्सरही. माझ्या प्रयोगशाळेत एवढं नेमकं काही पटकन दिसत नाही.

आता या गणितात कोल्हापूर कुठं येतं? दोन ठिकाणी. एक, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. इथली हवा समुद्रकाठापेक्षा पाचेक टक्के विरळ. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल त्या मानानं थोडं जास्तच सोडतो. पण फरक लहान, दोन-तीन टक्क्यांचा. लोक ‘हाइटमुळं’ म्हणून जो दोष सांगतात तो बहुतेक वेळा फाटक्या नळीचा असतो.

दुसरी गोष्ट मोठी आहे, आणि ती आपल्याच शेतातून येते. 2025पर्यंत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर नेहमीचं झालं. शिरोळ-करवीरचा ऊस, त्याची मळी, डिस्टिलरी आणि शेवटी माझी टाकी. इथेनॉलच्या रेणूत वजनानं जवळपास पस्तीस टक्के ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट पुरते. त्यामुळं वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या कार्बोरेटरला हेही कळत नाही. तो पूर्वीइतकंच पेट्रोल सोडतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. चढाला गाडी ओढत नाही, व्हॉल्व्ह तापतात, प्लग पांढरे पडतात. 1972मध्ये पंप लावून जो ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये बाहेरून घालावा लागला, तो आता पेट्रोलमधूनच आत येतो, हे लक्षात आल्यावर मी वर्गात तास संपला तरी बोलत राहिले.

एसयूचा फायदा इथं दिसतो. जेट बदलायला नको. दोन्हीकडचा मिश्रणाचा स्क्रू सारखाच फिरवून जेट थोडा खाली घेतला की झालं. इथेनॉलचं दुसरं दुखणं रबराचं. जुन्या पेट्रोल नळ्या फुगतात, मऊ होतात, आतून सुटतात. फ्लोट चेंबरच्या झाकणाचं सील गळायला लागतं. या सगळ्या नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या. ज्याच्याकडं जुनी गाडी आहे त्यानं ट्यूनिंगच्या आधी हे करावं. गरम एक्झॉस्टवर ठिबकणारी नळी म्हणजे आग.

पन्हाळ्याचा रस्ता आमची प्रयोगशाळा. वाघबीळच्या पुढं चढ लागला की तिसऱ्या गिअरात पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा, वर मोकळी जागा बघून इंजिन बंद करून गाडी कडेला घ्यायची आणि प्लग काढून बघायचे. पांढरट असले की घरी येऊन स्क्रू. फिक्या बिस्किटाच्या रंगावर आले तेव्हा मामांनी हात पुसले.

मग पीयूसी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बीएस-2च्या (भारत स्टेज या प्रदूषण मानकांच्या दुसऱ्या टप्प्याच्या) आधीच्या चारचाकींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो. बीएस-4च्या गाड्यांना तो 0.3 टक्के. दहापट सवलत, म्हणजे नापास होणंच अवघड. आमचा आकडा आला 1.4. पंप चालू असताना धुराड्यातला आकडा कमी दिसतो, पण त्यातला काही भाग निव्वळ हवा मिसळल्यामुळं. म्हणूनच ट्यूनिंग करताना पंपाची हवा तोडून मोजायचं असतं. पंपाशिवायचा 1.4 हा खराखुरा 1.4 आहे. अर्थात, हे आयडलिंगचं झालं. 1972च्या धडधाकट पंपानं रस्त्यावर याहून कमी हायड्रोकार्बन सोडले असते, यात मला शंका नाही. माझी तुलना मरायला टेकलेल्या पंपाशी आहे, आणि ती मी जिंकले, इतकंच म्हणते. ‘एक गाडी, रविवारची, तिनं असा काय फरक पडणार’ हा युक्तिवाद मी कुणाच्याच तोंडून ऐकून घेत नाही. गुऱ्हाळवालाही तेच म्हणतो आणि ट्रॉलीवालाही.

एक गाठ अजून सुटायची आहे. जुलै 2021मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. मग पंप नसलेलं इंजिन मूळ की बदललेलं? हेड, ब्लॉक, कार्बोरेटर सगळं तेच आहे. बुचं काढली की पंप परत बसतो. म्हणून मी पंप, नळ्या, ब्रॅकेट, फाटक्या पडद्याचा तो व्हॉल्व्ह, सगळं तेल लावून, चिठ्ठ्या बांधून पेटीत ठेवलंय. कुणी मूळ सामान म्हणून विकत मागितलं तर देणार नाही. तशीही मी व्हीएची पाटी तूर्त घेणार नाही, कारण ती घेतली की गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढता येते. रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शनात उभी करायला इतकी खटपट केलेली नाही.

मामांचं आणि माझं सध्या वेगळ्याच मुद्द्यावर वाजलंय. या कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या चकत्यांवर एकेक बारीक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. उतारावर पाय उचलला की तो उघडून थोडं मिश्रण आत सोडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये ज्वलन तुटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर पडत नाही. तोही प्रदूषणाच्याच सामानातला. स्प्रिंग दमली की तो नको तेव्हा उघडतो आणि आयडलिंग वर चढतं. मामांचं म्हणणं, ‘डाख लावून बंद करूया, कटकट न्हाई.’ माझं म्हणणं, स्प्रिंगा अजून ठीक आहेत, आणि गल्प व्हॉल्व्ह गेल्यावर उताराचं काम बघणारा हा एकच उरलाय. पाऊस उघडला की गगनबावड्याहून करूळ घाट उतरून बघायचं ठरलंय, मामा शेजारी बसून. खाली वैभववाडीला पोचल्यावर आयडलिंग जागेवर आलं नाही, तर डाख लावायला माझी हरकत असणार नाही.